म्हशीच्या गोठ्यातला सर्व्हर

पुंजाजींच्या गोठ्यात म्हैस सोडून बाकी सगळं होतं. गव्हाणीत वायरींचं भेंडोळं होतं, दावणीच्या खुंट्यांना लाल-हिरवे दिवे लुकलुकणारे स्विच टांगलेले होते, पेंड ठेवायच्या कोनाड्यात एक जुना मॉनिटर निळं तोंड करून बसला होता, आणि भिंतीला पाठ लावून कॉम्प्युटरचे काळे डबे ओळीनं उभे होते. म्हैस बाहेर लिंबाखाली. चैत्र उतरणीला लागलेला, ऊन अंगावर येणारं, आणि लिंबाची सावली अशी बेइमान की दुपार झाली की शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन पडायची. गीताबाई घडीघडीला म्हशीच्या पाठीवर बादली रिकामी करायच्या आणि दर बादलीला गोठ्याकडे तोंड करून एक वाक्य बोलायच्या. ती वाक्यं इथं लिहिण्यासारखी नाहीत.

गावाचं नाव सांगत नाही. बीबी गावच्या बाजाराला पायी जाऊन पायी परत येता येतं, एवढं समजलं तरी पुष्कळ झालं. नाव सांगितलं की उद्या कोणीतरी विचारायला जाणार, आणि या विचारण्यावरूनच तर सगळं त्रांगडं झालं.

पुंजाजी म्हणजे एस.टी.चे रिटायर कंट्रोलर. बुलढाण्याच्या स्टँडवर त्यांची उभी नोकरी गेली. काचेच्या खोलीत माईकसमोर बसायचं, आत शिरणाऱ्या गाडीला फलाट द्यायचा आणि खिडकीशी येणाऱ्याला उत्तर द्यायचं. आवाज असा की चिखली, मेहकर मार्गे लोणारला जाणारी गाडी त्यांनी पुकारली, की लोणारला न जाणारी माणसंसुद्धा पिशव्या उचलून उभी राहायची. फलाट देणं त्यांना मनापासून आवडायचं. विचारपूस मात्र डोक्यात जायची. समोर पाटी आहे, पाटीवर वेळ आहे, वर घड्याळ आहे, आत्ता माईकवर सांगून झालं आहे, तरी माणूस खिडकीत डोकं घालणार, "साहेब, मेहकर गाडी कवा?" त्याला सांगावं, तर ते उत्तर स्वतःच्या कानानं ऐकलेला मागचा माणूस पुढं सरकून म्हणणार, "मेहकर कवा?" जन्मभर हेच. त्यामुळं पुंजाजींचं एक मत होऊन बसलं होतं, की जगातली निम्मी डोकेदुखी प्रश्नांनी होते. ते स्वतः कोणाला काही विचारत नसत. दुकानात भाव विचारायचे नाहीत, डॉक्टरला दुखणं विचारायचं नाही, आणि बायकोला तर काहीच नाही. नोकरीतून सुटल्यावर गावी येऊन ते ओट्यावर बसले, तर त्यांनाही कोणी काही विचारेना. हे त्यांनाच हवं होतं म्हणा, पण हवं ते मिळालं की माणसाला करमत नाही.

अशात बुलढाण्याच्या एका कॉलेजनं आपले जुने कॉम्प्युटर भंगारात काढले. आतलं सगळं पुसून टाकलेलं, सीडी घालायची खाच नाही, आणि पेनड्राइव्ह लावायची भोकं पोरांनी खुपसून खुपसून केव्हाच रुंद केलेली. भंगारवाल्यानं नाक मुरडलं. पुंजाजींनी ते टेम्पोत भरले. गावात कॉम्प्युटर केंद्र काढायचं, पोरीबाळींना फॉर्म भरायला नि टायपिंग शिकायला मेहकरपर्यंत एस.टी.त लोंबकळावं लागू नये, असा त्यांचा विचार. विचार वाईट नव्हता, कोण वाईट म्हणेल? फक्त टेम्पो दारात आल्यावर त्यांनी म्हशीचं दावं सोडलं, तिला लिंबाला बांधलं आणि गोठ्यात डबे उतरवायला सुरुवात केली.

गीताबाई पीठ मळत्या हातानं बाहेर आल्या. "हे काय हाय?"

"गावाचं कॉम्प्युटर केंद्र."

"अन् म्हैस?"

"म्हैस राहीन दोन दिस भायेर."

"घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं," असं म्हणून गीताबाई आत गेल्या. ही गोष्ट दिवाळीची. ते दोन दिवस चैत्र आला तरी सरायचे होते.

गीताबाई घाटाखालच्या, वडनेर भोलजीच्या. घाटाखालची माणसं बोलून मोकळी होतात असं घाटावरचे म्हणतात, पण या बाई बोललेलं करून मोकळ्या होणाऱ्यांतल्या. एकदा पुंजाजींनी चहात साखर जास्त झाली म्हटलं होतं, त्यावर बाई म्हणाल्या, "आजपासून सोडली साखर." ती आजतागायत घरात आली नाही, आणि पुंजाजी तेव्हापासून कडू चहा पीत होते. त्याच गीताबाईंनी होळीच्या दुसऱ्या दिवशी दोन लुगडी, चष्मा आणि गुडघ्याचं तेल एका कापडी पिशवीत घातलं आणि पिशवी दाराजवळच्या खुंटीला अडकवली.

"आखाजीले मी वडनेरले जाऊन राह्यली, भावाकडं," त्या म्हणाल्या. "दरसाल जाते तशी नाही. आखाजीच्या आत माही म्हैस गोठ्यात दिसली त ठीक. नाही त हे घर तुमचं, अन् डबेही तुमचे."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, जेमतेम दीड महिन्यावर. एकुलती लेक अनुपमा लग्न होऊन नाशकाकडं. घरात दोघंच. गीताबाई नसलेलं घर त्यांनी डोळ्यांपुढं आणून पाहिलं, तर त्या घरात त्यांना स्वतःलाही बसायला जागा दिसेना. ते घाबरले, चांगलेच घाबरले, आणि घाबरलेला माणूस करतो तेच त्यांनी केलं. गोठ्यात जाऊन आणखी जोरानं कामाला लागले.

वाट एकच होती. सोसायटीचं खताचं जुनं गोडाऊन रिकामं पडलं होतं. त्याची किल्ली चेअरमन अर्जुनरावांकडं. अर्जुनराव म्हणजे गावातली मोठी असामी, जमीन मोठी, मिशा मोठ्या, आणि भाषण तर विचारूच नका. त्यांनी चार माणसांत सांगून टाकलं होतं, "आदी डबे चालू करून दाखवा, मंग गोडाऊन तुमचं. पन कार्यक्रम झाला पायजे. नारळ, सत्कार, सगळं. आखाजीच्या आदल्या दिशी ठिवा." म्हणजे डबे चालले तर गोडाऊन, गोडाऊन मिळालं तर गोठा रिकामा, गोठा रिकामा तर म्हैस आत, आणि म्हैस आत तर गीताबाई घरात. एवढं सगळं त्या काळ्या डब्यांवर येऊन टेकलं होतं, आणि डबे होते आतून कोरे.

डबा चालवायला त्यात घालायचं होतं लिनक्स, विंडोजसारखंच, कारण ते फुकट मिळतं आणि जुन्या डब्यातही चालतं. पण घालणार कुठून? सीडी नाही, पेनड्राइव्ह नाही. पुंजाजींनी मोबाईलवर हिंदीतले व्हिडिओ पाहायला सुरुवात केली. जेवताना पाहिले, म्हशीला चारा टाकताना पाहिले, एकदा तर मोबाईल हातात धरून म्हशीच्या जागी शेजाऱ्याच्या बैलापुढं कडबा टाकून आले. आणि एक दिवस त्यांना उलगडा झाला. एका कॉम्प्युटरला सर्व्हर करायचं, बाकी सगळे वायरीनं त्याला जोडायचे. कोरा डबा चालू झाला की वायरीवर ओरडतो, मी आलोय, मी कोण, कुठं उभा राहू? सर्व्हर त्याला नंबर देतो, अमुक फाईल घे म्हणून सांगतो, आणि मग अख्खं लिनक्स त्या वायरीतूनच डब्यात उतरतं.

"अरे, हे त स्टँड हाय!" पुंजाजी गोठ्यात एकटेच म्हणाले. गाडी आत शिरते, कंट्रोलर फलाट देतो. यात शिकायचं काय? जन्मभर हेच तर केलं. सर्व्हर म्हणून त्यांनी अनुपमाचा घरी पडून असलेला चालू कॉम्प्युटर घेतला.

पहिल्या दिवशी मात्र डबे हूं की चूं करेनात. नंबर मिळायचा, पण लिनक्स काही उतरायचं नाही. पुंजाजींनी वायरी तपासल्या, स्विच झटकले, उदबत्तीसुद्धा लावून झाली. तिसऱ्या प्रहरी ध्यानात आलं की घरातला इंटरनेटचा राउटर त्याच वायरीला जोडलेला आहे, आणि डबा ओरडला की सर्व्हरच्या आधी तोच मधे तोंड घालून नंबर देतोय. एका स्टँडवर दोन कंट्रोलर बसवले, तर मलकापूरची गाडी कोणाचं ऐकणार? पुंजाजींनी राउटर उपटला आणि पुन्हा मधे बोलू नये म्हणून पिठाच्या डब्यात ठेवून झाकण लावलं. पाचच मिनिटांत पहिल्या डब्यावर पांढरी अक्षरं धावू लागली. पुंजाजींना भरून आलं. त्यांनी बाहेर जाऊन म्हशीला सांगितलं. गीताबाईंना सांगायला गेले नाहीत, कारण पिठाच्या डब्यातला राउटर त्यांना नुकताच सापडला होता.

आता राहिली एकच कटकट. हे लिनक्स उतरता उतरता प्रश्न विचारायचं. भाषा कोणती? देश कोणता? घड्याळ कुठलं? नाव काय ठेवू? जुनं पुसू का? नक्की पुसू का? पुंजाजींच्या कपाळाची शीर उडायला लागली. "आत्ताच त सांगतलं ना बे," ते मॉनिटरवर डाफरले. व्हिडिओवाल्यानं त्यावरही तोड सांगितली होती. सगळ्या प्रश्नांची उत्तरं आधीच एका फाईलीत लिहून सर्व्हरवर ठेवायची, की डबा कोणालाही काही विचारत नाही. पुंजाजींना वाटलं, ही सोय स्टँडवर असती तर आपण रिटायरच झालो नसतो. त्यांनी एकूणएक उत्तरं लिहून टाकली. पुसू का, हो. नक्की का, हो. नावांची यादीसुद्धा दिली, चिखली, मेहकर, मलकापूर, खामगाव, आणि गावं संपल्यावर जलद, साधी, विनाथांबा. सर्व्हरचं नाव अर्थातच कंट्रोलर. एकदा Enter दाबलं की संपलं, तोंडातून ब्र नाही. आपल्या आयुष्यातलं सगळ्यांत सुंदर काम त्यांनी केलं होतं, असं त्यांना वाटलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी ट्रॉलीत घालून डबे गोडाऊनला नेले. मंडप पडला. अश्वजितनं आपले भोंगे लावले. या अश्वजितचा गावात फोटो स्टुडिओ, लग्नाचे फोटो आणि लग्नातले भोंगे दोन्ही त्याचेच. भोंग्याचं एक तोंड पाराकडे, दुसरं नेमकं पुंजाजींच्या घराकडे. माईक हातात आल्यावर पुंजाजी वीस वर्षांनी तरुण झाले. "गावकऱ्यांनी कृपया लक्ष द्यावे," असं त्यांनी सुरू केलं आणि पारावर बसलेली दोन म्हातारी माणसं उगाच उठून उभी राहिली.

ठरलं होतं असं, की पंगतीला बसवावं तसे डबे ओळीनं मांडायचे, प्रत्येकासमोर एक मानाचा माणूस, आणि सगळ्यांनी एकदम Enter दाबायचं. पंगतीत कोणी आधी जेवत नाही, कोणी मागं राहत नाही, मान सगळ्यांना सारखा. पण अर्जुनराव आले ते मागं गडी घेऊन, आणि गड्याच्या डोक्यावर त्यांचा घरचा नवाकोरा कॉम्प्युटर.

"चेअरमन काय भंगाराच्या डब्यासमोर बसनार हाय?" ते म्हणाले. "माहा हा पुढं ठिवा."

ते पाहून सरपंच सुभद्राबाईंनीही घरून कॉम्प्युटर मागवला, मग अश्वजितनं स्टुडिओतला उचलून आणला. ही मानाची तीन यंत्रं पुढं मांडली गेली. पुंजाजींनी ती नुसती शोभेला ठेवली होती. पण अर्जुनरावांनी खाली वाकून पाहिलं, मागच्या सगळ्या डब्यांना निळी वायर आणि आपल्याच यंत्राला नाही. पत्रावळ न वाढलेल्या माणसासारखं त्यांचं तोंड झालं. "आमाले वायर काऊन नाही?" पुंजाजींनी वायर जोडली. नुसत्या वायरीनं काही बिघडत नव्हतं, ती यंत्रं आपल्या आपण चालू होणारी होती.

नारळ फुटला, भाषणं झाली, आणि सगळ्यांनी Enter दाबलं. मागच्या भंगारी डब्यांवर पांढरी अक्षरं सरसर धावू लागली. पोरंटोरं ओरडली, बायकांनी पदर तोंडाला लावले. आणि पुढं मानाच्या ठिकाणी अर्जुनरावांच्या पडद्यावर अर्जुनरावच होते, ट्रॅक्टरला टेकून काढलेला फोटो, अजिबात न हलणारा.

"चेअरमनचा चालूच नाही झाला वाट्टे," मागून कोणीतरी म्हणालं.

अर्जुनरावांच्या मिशा ताठ झाल्या. "कंट्रोलर, आमचा काऊन नाही पळून राह्यला?"

पुंजाजींच्या हातात माईक चालूच होता. "भाऊ, तुमच्यात आदीचंच हाय ना. हे टाकलं, त जुनं सगळं पुसल्या जाते."

"सगळं?"

"सगळं. फोटो, बिटो, काहीच नाही राहात."

हे भोंग्यावरून साऱ्या गावानं ऐकलं. अर्जुनरावांनी आपलं यंत्र जरा मागं ओढून घेतलं. तेवढ्यात मागून एक बाई म्हणाली, "चेअरमनच्या काँप्युटरात असं काय हाय बाप्पा?"

झालं. अर्जुनराव उठून उभे राहिले. "पुसा," ते म्हणाले. "अर्जुनरावच्या घरात लपवासारखं काही नाही!"

टाळ्या पडल्या. पुंजाजींनी पुन्हा सांगितलं, "भाऊ, पाहा बरं. परत येत नाही."

"पुसा म्हनलं ना!"

पुंजाजींच्या डोळ्यांपुढं खुंटीवरची पिशवी आली. त्यांनी अर्जुनरावांचं यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं, वायरीवरून सुरू होण्याचं बटण दाबलं, आणि ट्रॅक्टरसकट चेअरमन पडद्यावरून गेले. डब्यानं एक शब्द विचारला नाही.

आता सुभद्राबाई मागं राहतात की काय? "मंग माह्यात काय चोरीचा माल हाय?" म्हणत त्या उठल्या. "माहाही पुसा." मग लोकांनी अश्वजितकडे पाहिलं. अश्वजितच्या यंत्रात त्या लगीनसराईतली अख्ख्या पंचक्रोशीची लग्नं होती. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पण सगळा गाव पाहतोय, आणि आता नाही म्हणावं तर उद्या लोक म्हणणार, स्टुडिओवाल्याकडं नक्की काहीतरी आहे. "पुसा," तो म्हणाला. आवाज त्याच्याच भोंग्यातून बारीक आला.

मग मात्र गावाला वारं लागलं. ज्याच्या ज्याच्या घरी कॉम्प्युटर होता तो तो पळत घरी गेला. कोणी सायकलच्या कॅरियरवर आणला, कोणी ढकलगाडीवर, एका सासऱ्यानं सुनेचा लॅपटॉप तिला न सांगता धोतराच्या सोग्यात गुंडाळून आणला. एकानं टीव्ही आणला. त्याला समजावून परत पाठवेपर्यंत अर्धा तास गेला, आणि जाताना तो म्हणत गेला की आमच्या घरी कोणी पुसणारच नाही, गरिबाला कोण विचारतो. एकाकडं नुसता मोबाईल होता. तो वायरीला लागत नाही म्हटल्यावर त्यानं भर मंडपात उभं राहून हातानंच मोबाईलमधले सगळे फोटो पुसले आणि ताठ मानेनं खाली बसला. पुसून घेतलेली माणसं एका बाजूला बसू लागली, न पुसलेली दुसऱ्या बाजूला, आणि न पुसलेल्यांकडे कोणी पाहीना. पुंजाजी घामाघूम होऊन फलाट देत होते. "सुभद्राताईंची जलद सुटली आहे. अर्जुनभाऊंची विनाथांबा लिनक्सला पोहोचली आहे." हाताला उसंत नव्हती, आणि नोकरीत कधी झाला नव्हता एवढा आनंद त्यांना होत होता.

उन्हं कलताना अर्जुनरावांनी सगळ्यांसमोर गोडाऊनची किल्ली पुंजाजींच्या हातावर ठेवली. डबे तिथंच राहिले. फक्त कंट्रोलर नावाचा सर्व्हर पुंजाजींनी उचलला. तो आपल्या हातचा, त्याला परक्या जागी कसं ठेवायचं? त्यांनी तो घरी आणून ओसरीवर, पाण्याच्या माठाशेजारी ठेवला. मग लिंबाचं दावं सोडून म्हैस गोठ्यात नेली, तिच्या गव्हाणीतल्या उरल्यासुरल्या वायरी काढल्या, चारा टाकला, आणि मोठ्यानं खाकरले. गीताबाईंनी चुलीपुढून मान वर केली, म्हैस पाहिली आणि पुन्हा मान खाली घातली. पिशवी खुंटीलाच होती.

आखाजीची सकाळ उजाडली आणि पुंजाजी दात घासून ओसरीवर बसतात न बसतात, तोच मागच्या दारानं अर्जुनराव आले. आवाज बसलेला. "पुंजाजीभाऊ, माह्या एका दोस्ताचं पुसल्या गेलं. बिचारा पत्त्याचा खेळ खेळे, लय वर आलता त्याचा नंबर. परत येते का?"

"नाही येत, भाऊ."

अर्जुनराव उठतात, तर सुभद्राबाई. त्यांच्या एका जाऊबाईंची, दुसऱ्या गावच्या, सगळी गाणी गेली होती, म्हणजे जाऊबाई स्वयंपाक करताना ऐकतात ती. परत येतात का? मग अश्वजित. त्याचा एक फोटोग्राफर दोस्त, तिकडं देऊळगावकडं राहणारा, काल रात्रभर झोपला नव्हता. पुंजाजी म्हणाले, "त्याच्या कॅमेऱ्याच्या कार्डात असतीन ना अजून. ते पाहाले सांग." अश्वजित "दोस्ताले सांगतो" म्हणून असा पळाला की चप्पल ओसरीवरच राहिली. त्याच्यामागून आणखी माणसं. कोणाचा मेहुणा, कोणाचा साडू, कोणाचा मित्राचा मित्र. गावात कोणाचंच काही गेलं नव्हतं. आपलं गेलं म्हणावं तर लपवण्यासारखं होतं असं ठरतं, म्हणून सगळी अळीमिळी गुपचिळी, तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच. आधीच्याला दिलेलं उत्तर मागच्यानं दारात उभं राहून ऐकलेलं असायचं, तरी तो पुढं सरकून म्हणायचा, "परत येते का?"

"नाही येत!" पुंजाजी शेवटी ओरडले. "किती खेपा इचारता बे?" शेवटचा माणूस गेला. पुंजाजींनी कपाळ दाबून धरलं.

मागं गीताबाई उभ्या होत्या. नवं लुगडं नेसलेल्या. खुंटीवरची पिशवी आता त्यांच्या हातात होती.

पुंजाजी उठले. "म्हैस आत हाय. रातीच बांधली."

"पाह्यली."

"मंग?"

गीताबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "काल भोंग्यावर आयकलं म्या सगळं. अर्जुनभाऊले दोन खेपा सांगतलं तुमी. पुसल्या जाईन म्हनून सांगतलं, पाहा बरं म्हनलं, परत येत नाही म्हनलं. परक्या मानसाले दोन खेपा."

"सांगाच लागते ना."

"अन् माहा गोठा रिकामा केला तवा?" त्यांचा आवाज चढला नाही. "म्हैस भायेर राह्यली, तिचं दूध आटलं, त्याचं मले काही नाही. भायेर काढतानी एका शब्दानं इचारलं असतं, त म्याच दावं सोडून देल्लं असतं. लगन झालं तवापासून मी वाट पाहून राह्यली. तुमी कवा, काही, मले इचारलं का?"

पुंजाजींनी आठवून पाहिलं. स्टँडवर दिलेली उत्तरं आठवली, हजारोंनी आठवली. विचारलेलं एकही आठवेना. 

त्यांची नजर माठाशेजारच्या डब्यावर गेली. कंट्रोलर. सगळ्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवलेला. त्यांनी घसा साफ केला. ज्या आवाजानं स्टँडवरची माणसं उभी राहायची, तो आवाज आज माठापलीकडंही जाईना. 

"हा डबा," ते म्हणाले, "इथी ठिवू का?"

गीताबाईंनी डब्याकडं पाहिलं, माठाकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं पाहिलं.

"नाही," त्या म्हणाल्या.

पुंजाजींनी डबा उचलला. वायर गुंडाळून बगलेत घेतली आणि तसेच उन्हात गोडाऊनकडं चालू लागले. रस्त्यात दोघांनी "परत येते का" म्हणून विचारलं, त्या दोघांना त्यांनी थांबून, न चिडता सांगितलं. डबा गोडाऊनमध्ये ठेवला, कुलूप लावलं आणि घामानं निथळत परत आले. ओसरी रिकामी दिसेल याची त्यांना वाटभर धास्ती होती.

ओसरीवर गीताबाई बसल्या होत्या. दोन्ही लुगडी दोरीवर होती, गुडघ्याचं तेल कोनाड्यात परत गेलं होतं आणि चष्मा त्यांच्या नाकावर होता. त्यांनी रिकामी पिशवी झटकून पुंजाजींच्या हातात दिली.

"आखाजी हाय. रसाले आंबे लागतीन. बीबीले जाऊन या."

पुंजाजी पिशवी घेऊन निघाले. फाटकापर्यंत गेले, थांबले आणि मागं वळले.

"किती आनू?" त्यांनी विचारलं.